बेचाळीसचे बारा

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवरही बोलता आलं असतं, पण या घरात फोन लावून देते तुझी आई आणि कान लावून बसतो तुझा बाप. म्हणून कागद. माझी शाळा तिसरीपर्यंतची. अक्षर कोंबडीने पाय आपटल्यासारखं आहे, पण कोंबडी खोटं बोलत नाही.

आधी घरचं सांगते. माझी खोली बदलली. दोन महिन्यांपूर्वी मी गॅसवर दूध ठेवून विसरले, भांडं जळून कोळसा झालं. त्यावर तुझ्या आईने मला वरून खाली हलवलं, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. जी म्हातारी घर पेटवेल अशी भीती, तिला गॅसच्या शेजारी आणून ठेवायचं! शिकलेल्यांची अक्कल ही अशी. मी पेटी उचलून खाली आले. भांडं मीच जाळलं होतं.

सावकाशकाका गेल्याचं तुला कळलं असेल. नोकरी सोडून गेले, असं सांगितलं असेल तर ते खोटं आहे. तुझ्या बापाने त्यांना काढलं. पेट्रोल काढून विकतात, असं तोंडावर म्हणाला. अकरा वर्षं या माणसाने आपली गाडी चालवली. तुला शाळेत सोडलं, पुढे तुला गाडी शिकवली, आणि तू फाटकाचा खांब पाडलास तेव्हा माझंच लक्ष नव्हतं असं सांगून दोष स्वतःवर घेतला. काढलं त्या दिवशी ते वाद घालत बसले नाहीत. किल्ली पायरीवर ठेवली, मला आजी येतो म्हणाले आणि चालत गेले. पाठीमागून एकदम म्हातारे दिसले.

आता हे झालं कसं ते सांगते. ती नवी लांबलचक गाडी तू दोनदाच पाहिलीस. तिला दोन पोटं आहेत, एक विजेचं आणि एक पेट्रोलचं. संध्याकाळी भिंतीतून वायर लावायची, सकाळपर्यंत विजेचं पोट भरतं आणि तुझ्या बापाचं ऑफिसला जाणं-येणं जवळजवळ त्यावरच होतं. पेट्रोलला हात लावावा लागतो तो चढाला नाहीतर घाईला, आणि घाई काकांच्या रक्तातच नाही. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर गेली तो आकडा समोरच्या पडद्यावर येतो. रोज संध्याकाळी वायर लावली की ते माझ्या खिडकीशी येऊन तो आकडा सांगायचे, पोराने परीक्षेतले मार्क सांगावेत तसा. आजी, आज चाळीस. आजी, आज बेचाळीस, चढावर पाय उचलून धरला. मी म्हणायचे, मग उद्या पन्नास आणा, नाहीतर घरात घेणार नाही. आकडे मला कळतात. चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजून कपडे शिवलेत मी.

मग आकडा घसरायला लागला. तीस, वीस, शेवटी बारा. काका रडकुंडीला आले. वायर रोज लावतो, सकाळी येऊन बघतो तर वीज चालू असते पण पोट पाव भरलेलं, असं तुझ्या बापाला सांगून थकले. तो म्हणाला, तू सकाळी आल्यावर लावत असशील. मग म्हणाला, एवढं पेट्रोल जातं कुठे? आणि मग तो शब्द म्हणाला, चोर. मी दारात उभी होते.

काका गेल्यावर तुझा बाप स्वतः वायर लावायला लागला. आकडा बाराच. तेव्हा कंपनीचा माणूस बोलावला. तो आला दुपारी, गाडी त्याच्यासाठी घरी ठेवलेली, घरात मी एकटी. त्याने गाडीला संगणक जोडला, बराच वेळ बघत बसला आणि मला म्हणाला, आजी, गाडी ठणठणीत आहे. रोज नवाच्या सुमाराला वीज बंद होते आणि सकाळी सातला परत सुरू होते. घरातलं कुणीतरी बटण बंद करतंय. आणि बॅटरी फार जड, ती रिकामी असली की झोपलेल्या माणसाला पाठुंगळीला घेऊन धावल्यासारखं होतं गाडीला. कागदावर दोष नाही एवढंच लिहिलं, आणि बटणाचं साहेबांना सांगा म्हणून मला बजावून गेला.

मला तेव्हाच कळलं. गाडीचं बटण माझ्या खोलीबाहेरच्या बोळात आहे, इतर बटणांच्या रांगेत. आणि झोपण्याआधी घरभर फिरून बटणं बंद करायची, सकाळी उठून चालू करायची, ही माझी जन्माची खोड. वर होते तोवर वरची करायचे. खाली आल्यापासून खालची. पण भिंगरी, ते बटण बंद केल्याचं मला आठवत नव्हतं. एकदाही नाही. म्हणून मी स्वतःवर पाळत ठेवली. शिवणाच्या डब्यातला निळा खडू त्या बटणाला घासून ठेवला आणि आज याला हात लावायचा नाही असं स्वतःला बजावून जेवायला बसले. सकाळी उठले तर बोट निळं. उशीला निळा डाग. बटण बंद.

त्यानंतरही मी नऊ दिवस तोंड उघडलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. तुझ्या आईने टेबलावर एका संस्थेचं पुस्तक आणून ठेवलंय. गुळगुळीत कागद, आत हसऱ्या म्हाताऱ्या. दूध जाळलं तेव्हा आलं ते. म्हटलं, बटणाचं सांगितलं की माझी पेटी भरली समजा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं काकांचं झालं. चोर आपला पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होता.

दहाव्या दिवशी सांगितलं. कामवालीकडून बटणावर चिकटपट्टी लावून घेतली होती, आकडा चार दिवसांत परत एकेचाळीसवर आला होता, तो पुरावा घेऊनच गेले. तुझा बाप म्हणाला, कंपनीच्या माणसाने दुरुस्त केली, आई. तुला काल काय जेवलीस ते आठवत नाही, बटणाचं कुठून आठवलं? मी म्हटलं, अरे गाढवा, आठवत नाही हेच तर सांगतेय! तर म्हणाला, हा विषय पुन्हा काढलास तर डॉक्टरांना दाखवावं लागेल, मग पुढचं बघू. त्याने मला खोटं पाडलं नाही. वेडं पाडलं. तो वाईट नाही गं, पण त्याला काकांच्या दारात जाऊन मान खाली घालायची नाहीये, आणि त्यापेक्षा आई वेडी असणं सोपं.

काल त्याला डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला, स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आला. काका त्यांच्याकडे काम मागायला गेलेत. माणूस कसा आहे, विचारत होत्या. हा म्हणाला, गाडी चांगली चालवतो, प्रामाणिकपणाचं मी काही सांगू शकत नाही. त्या म्हणाल्या, सोमवारी ठरवते. काकांचा नंबर तुझ्याकडे आहे. त्यांच्याकडून बाईंचा घे आणि सोमवारच्या आत बाईंना हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखव, कोंबडीसकट. मी कामवालीला समोर बसवून लिहिलंय, कागदाच्या मागे तिची सही आहे, तारीख आहे. माझं काय होईल ते होऊ दे, खाट इथली काय नि तिथली काय. आणि एक नीट लक्षात ठेव, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. उद्या तू फोन केलास आणि मी म्हणाले, कसलं बटण, कसला खडू, मी असलं काही लिहिलंच नाही, तर माझ्याशी वाद घालू नकोस. जेवलीस का विचार आणि फोन ठेव. माझं ऐकू नकोस. या कागदाचं ऐक.

तुझीच आजी,
आणि, इलाज नाही, तुझ्या बापाची आई