सोड्याने धुतलेली भांडी

माझे नाव, वय आणि पत्ता वकिलांनी सोबतच्या पानावर टाइप करून घेतला आहे. तो बरोबर आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून चौतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. माझी बुद्धी शाबूत आहे. डावा कान कामातून गेला आहे, पण मृत्युपत्राला कान लागत नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. पत्नी वर्षभर "एकदाचं लिहून टाका" म्हणत आहे, पण त्याला दबाव नव्हे, संसार म्हणतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यातील एक कलम खोडले असून खोडलेल्या जागी माझी सही आहे.

१. राहते घर, तीन खोल्या आणि गॅलरी, माझ्या पश्चात संपूर्णपणे पत्नीचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, आणि "आई, तू आमच्याकडेच ये ना" असे गोड बोलून तिला विकायलाही लावू नये. मुलीने हे वाक्य दोनदा वाचावे. पत्नीनंतर घर मुलीचे.

२. बँकेतील ठेवी पत्नीच्या. कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

३. पुस्तके मुलीची. ती इमारतींचे नकाशे काढते, तिला त्यांचा काडीचा उपयोग नाही. लहानपणी ती जेवताना माझ्याशेजारी बसायला तयार नसे. "बाबा, तुमच्या शर्टाला घाण वास येतो" म्हणायची. तो प्रयोगशाळेतल्या पिरिडीनचा वास होता, आणि कितीही धुतला तरी जात नसे. पुस्तकांना तो अजून येतो. नको असतील तर तिने ती कॉलेजला द्यावीत. मला राग येणार नाही.

४. काचेच्या पेटीतला तराजू धाकट्या भावाला. त्याने एकदा माझ्या पाठीमागे त्यावर खिळे तोलले, आणि तेव्हापासून तराजू दोन मिलिग्रॅम खोटे बोलतो. त्यावरून आम्ही चार वर्षे एकमेकांचे तोंड पाहिले नाही. आता त्याने खुशाल खिळे तोलावेत.

५. माझ्या स्वतःच्या पैशांनी घेतलेली काचेची भांडी, एकूण त्रेचाळीस नग, कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला. ती कशी धुवावीत याबद्दल मी एक शब्दही सांगत नाही. तो अधिकार मी घालवला आहे. कसा, ते पुढे येईल.

६. बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी पीएचडी करत होती. अंगाने लहानखुरी, आणि प्रयोग चालू असताना त्याच्याशी बोलत बसायची, म्हणून सगळा विभाग तिला चिमणी म्हणे. तिच्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका पदार्थावर उभा होता. तो तिला सुईसारख्या पांढऱ्या स्फटिकांत मिळाला होता, उतारा एक्क्याऐंशी टक्के. परीक्षकांना आकडा फार वाटला. म्हणून तोच प्रयोग मी माझ्या हाताने केला. सहा वेळा केला, आणि सहाही वेळा फ्लास्कच्या तळाशी काळपट डिंक.

तेव्हा ती मला म्हणाली होती, "सर, एकदा माझ्या भांड्यांत करून बघा ना."

मी म्हणालो, "केमिस्ट्री कुणाचं भांडं बघून होत नाही."

माझी भांडी इमारतीत सर्वांत स्वच्छ, असा माझा लौकिक होता. ती क्रोमिक ॲसिडनेच धुवायची, असा माझा दंडक होता. विद्यार्थ्यांची भांडी धुण्याच्या सोड्याने धुतली जात. मी परीक्षक मंडळाला लिहून दिले की नोंदी बनावट असण्याची शक्यता आहे. "शक्यता" हा शब्द मी अंगावर काही येऊ नये म्हणून घातला. प्रबंध परत गेला, आणि चिमणी एका शाळेत विज्ञान शिकवू लागली.

नऊ वर्षांपूर्वी, सांडपाण्याच्या नियमामुळे, आमच्याकडे क्रोमिक ॲसिड बंद झाले. त्यानंतर दुसऱ्याच एका कामासाठी मला तो पदार्थ हवा होता. फार तर पुन्हा डिंक मिळेल, अशा हिशेबाने मी करायला घेतला. फ्लास्कमध्ये पांढऱ्या सुया आल्या. भांडी धुणाऱ्या मामांना विचारले, तर म्हणाले, "ॲसिड बंद झालं ना सर. आता तुमचीपण सोड्यातच." मी कोपऱ्यातल्या जुन्या बाटलीतले उरलेले ॲसिड घेऊन एक फ्लास्क मुद्दाम धुतला आणि प्रयोग पुन्हा केला. डिंक. काचेला चिकटून राहिलेले माझ्या स्वच्छतेचे ॲसिड तो पदार्थ बिघडवत होते. ती खरे लिहीत होती.

हे कळल्यावर मी या प्रयोगांच्या नोंदींची वही कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावले आणि मूग गिळून बसलो. विभागात तेव्हा माझ्या सत्काराची तयारी चालू होती. दुसरे काही कारण नाही. असते तर लिहिले असते.

७. ~~उपरोक्त वही व माझे कबुलीपत्र असलेला बंद लिफाफा माझ्या मृत्यूनंतर विद्यापीठास व सदर विद्यार्थिनीस पाठवावा.~~ (सही)

हे कलम का खोडले ते लिहिणे भाग आहे. मामांना मी साक्षीदार म्हणून बोलावले. वकील म्हणाले, साक्षीदाराने फक्त सही बघायची असते, आतला मजकूर वाचायची गरज नाही. मामा म्हणाले, "वाचल्याशिवाय मी बाटलीचं बूचसुद्धा उघडत नाही, साहेब." चष्मा लावून त्यांनी सगळे वाचले. सातव्या कलमावर बोट ठेवून मला विचारले, "म्हणजे त्या पोरीनं तुमच्या मरणाची वाट बघायची?"

मी म्हणालो, "मामा, तुम्हाला सही करायला बोलावलंय."

"करतो की. पण ह्याच्यावर नाही करणार. मेल्यावर तुम्हाला कोण काय बोलणार आहे?" पेन टेबलावर ठेवून ते चहा न घेता गेले. मी तीन दिवस त्यांच्यावर चिडून होतो. दुसरा साक्षीदार शोधावा असेही मनात आले. चौथ्या दिवशी लिफाफा घेऊन चिमणीच्या शाळेत गेलो.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत एकटी वह्या तपासत होती. केस पांढरे झाले आहेत. तिने पत्र उभ्यानेच वाचले.

"मी खोटं लिहिलं नव्हतं, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण काहीतरी दुसरंच बघितलं असेन, असं वाटायला लागलं होतं. मुलांना अजून सांगवत नाही, की डोळ्यांना दिसतं तेच लिहा म्हणून."

मग तिने विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

नुकतेच कळले, असे म्हणणे सोपे होते. शब्द जिभेवर होता. मी म्हणालो, "नऊ वर्षं झाली."

तिने पत्राची घडी घातली. "बाबांना जाऊन पाच झाली," ती म्हणाली. "शेवटपर्यंत विचारायचे, खरं सांग, काही लपवलं होतंस का. मी नाही म्हणायचे. ते मान डोलवायचे. पटलेलं नसायचं."

नवातून पाच ही वजाबाकी आम्ही दोघांनीही केली असणार. मी क्षमा मागितली. तिने दिली नाही, आणि मला ते योग्य वाटले. निघताना ती एवढेच म्हणाली, "विद्यापीठात तुम्हीच जा, सर. पोस्टाने नको. हातात द्या."

८. त्याप्रमाणे मी वही आणि पत्र काल समक्ष दिले असून पोच सोबत जोडली आहे. प्रबंधाचा फेरविचार माझ्या हयातीत झाला नाही, तर पाठपुरावा मुलीने करावा. घर विकण्याच्या घाईइतकीच घाई इथे करावी.

९. मामांना काही ठेवता येत नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील सांगतात.

१०. विभागाने माझी शोकसभा घेतली, तर आधी ते पत्र मोठ्याने पूर्ण वाचावे. त्यानंतरही माझ्याबद्दल चांगले बोलावेसे कोणाला वाटले, तर त्याने बोलावे.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
तारीख: १७ नोव्हेंबर, दुपारी चार वाजता

(सही)
मृत्युपत्र करणार

साक्षीदार १: (सही) शेजारचे डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्यास आज तपासले; ते पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २: (सही) मामा, प्रयोगशाळा परिचर, निवृत्त. सगळं वाचलं. आता सही करतो.