भिंगरीचे एकतीस अर्ज

ता. ३ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. या वेळी मागच्या बाजूला तुमच्या काचकारखान्यातली सुट्ट्यांची यादी होती. तीही मी आईला वाचून दाखवली, कारण तुमच्या पत्राच्या दोन्ही बाजू वाचायच्या हा आता आमच्या घरचा नियमच झालाय. ती मटार सोलत ऐकत होती. डॉक्टर म्हणतात, नजर यापुढे उतरतच जाणार. मोठं मोठं लिहिता येतं तिला, पण वाचणं जवळजवळ बंद झालंय.

आता माझं रडगाणं. भूगर्भशास्त्रासाठी विद्यापीठांची यादी एकतीसवर गेली आहे. कपाटाच्या दारावर चिकटवली आहे, दार उघडलं की फडफडते. एक आपल्या घरापासून बसने वीस मिनिटांवर, बाकीची तीस लांब. काही तर इतकी लांब, की आपण जेवायला बसू तेव्हा तिथली माणसं झोपेतून उठत असतील. डिसेंबरपर्यंत अर्ज जायला हवेत आणि मला एकावरही काट मारवत नाही. तीस वर्षं तुम्ही बाटल्या नापास केल्यात, तेव्हा हे काम तुमचंच. अर्ज दोन दोन मागवलेत, पहिला मी खाडाखोड करून वाया घालवतेच. एक संच सोबत पाठवते आहे.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू द्या, थोडा वाढला तरी चालेल.

तुमची भिंगरी


ता. ११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गठ्ठा मिळाला. पोस्टमन म्हणाला, लग्न ठरलं वाटतं घरात, एवढी कागदपत्रं. मी म्हटलं, नाही, भाचीला दगड मोजायला परदेशी जायचंय.

आमची पद्धत ऐक. बाटली दिव्यासमोर धरायची. तडा दिसला, नुसती शंका आली, तरी तिथल्या तिथे सळईने फोडायची. बाजूला ठेवायची नाही. ठेवली की पाळी संपताना कुणाला तरी दया येते आणि ती परत खोक्यात जाते. तुझ्या अर्जांचं तसंच करणार. मी नापास केला की इथला अर्ज फाडीन, आणि पत्र वाचता वाचताच तू तुझ्याकडचा फाडायचास. कबूल असेल तरच हात लावतो.

कागदावरून बोललीस, त्याचा राग नाही. एक बाजू कोरी असताना कागद टाकणारा माणूस माझ्या दृष्टीने चोर.

माया आहेच, ती लिहून दाखवायची नसते.

मामा


ता. १४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भिंगरी ग्रंथालयात गेली आहे तोवर लिहिते. अक्षर फार मोठं आलंय, ओळीवर ओळ चढली असेल, समजून घे. शेजारीणबाई पेटीत टाकणार आहेत.

ते तीसही अर्ज फाड. जवळचा एवढा ठेव. हे गेल्यापासून मला तिच्याशिवाय कोण आहे, आणि वर्षभरात डोळेही राहणार नाहीत. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर ती हट्टाने जाईल. तिला जमणार नाही एवढंच सांगत राहायचं, मग ती आपोआप घरी बसते. मी लहानपणापासून हेच करत आले. शाळेच्या त्या आठ दिवसांच्या सहलीतून मीच खोटा निरोप धाडून तिला दुसऱ्या दिवशी परत आणवलं, आणि रडून आली असं सगळ्यांना सांगितलं. आता तिला स्वतःलाही तसंच आठवतं. तू ती सहल काढच.

वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. बहिणीवर आजवर केलीस तशी माया कर.

तुझी धाकटी


ता. २६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बसलो दिव्याखाली आणि लागलो कामाला. पहिली दहा थंड प्रदेशातली. तुझी छाती नोव्हेंबरातच वाजते, तिथे तू पहिल्याच महिन्यात अंथरूण धरशील. फाड. पुढची आठ नावाजलेली. तिथे वर्गात पहिली येणारी मुलं येतात, तू सातवी आलीस तेव्हा आपण पेढे... जाऊ दे, आनंद मानला. फाड. उरलेल्या बारांत डोंगरात तंबू ठोकून महिना महिना राहावं लागतं. जी मुलगी शाळेच्या सहलीतून दुसऱ्या दिवशी नाक पुसत परत आली, तिने तंबूच्या गोष्टी करू नयेत. लोक हसतील, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसेन.

वाईट वाटून घेऊ नकोस. बाटलीला वाईट वाटतं का? काहींचा जन्म लोणच्यासाठी असतो, त्यांत अत्तर भरू नये.

पहिला कागद संपला म्हणून शेवटचं या दुसऱ्यावर लिहितो. राहिलं एकतिसावं. बसने वीस मिनिटं. तुला झेपेल ते हेच, आणि आईजवळही राहशील. माझ्याकडचे तीस फाडून झाले. तुझ्या भल्याचंच बघतो, हे आज नाही तरी उद्या पटेल.

मामा


ता. ९ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न.

तुम्ही सांगितलंत तसं पत्र वाचता वाचता फाडत गेले. थंड प्रदेशातले दहाही फाडले. नावाजलेल्यांपैकी तीन फाडून झाल्यावर जरा थांबले, म्हटलं पत्र आधी संपवू. दुसऱ्या कागदावर तुमच्या ओळींमागून मोठी मोठी अक्षरं दिसत होती, म्हणून तो उलटला. तीस वर्षं प्रत्येक बाटली उजेडासमोर धरलीत, मामा. हा कागद तेवढा धरला नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. मला राहायचंच होतं. एकतिसावा अर्ज मी सप्टेंबरातच भरून आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवला होता, वाढदिवसाला हातात देणार होते. बाकीचे तीस तुमच्या हातून फुटायला हवे होते, म्हणजे पुढे कधी मन मागे फिरलं नसतं. तुम्ही दोघं नुसते गप्प बसला असतात तरी चाललं असतं.

तो अर्ज मी फाडला. तिथल्या तिथे, तुमच्या पद्धतीने. उरलेल्यांतले सगळ्यात लांबचे सहा काल टपालात टाकले. सहापैकी एकानेही घेतलं नाही, तरी मी इथून जाणार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, नेहमीसारखं, दोन्ही बाजू. तुमची बाजू ऐकताना ती मटार सोलत होती. मग मी कागद उलटला. खोट्या निरोपाशी आले तेव्हा तिचे हात थांबले. मी थांबले नाही, तिच्या सहीपर्यंत वाचलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, की मी गेल्यावर तिला पत्रं कोण वाचून दाखवणार. मी सांगितलं, आता मी लिहिणार नाही आणि मामांनाही लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा वाचायला माणूस लागणार नाही.

तुमची सगळी जुनी पत्रं परत पाठवते आहे. त्यांची एकही बाजू कोरी नाही.

लोभ होता.

भिंगरी