नरसय्याचं पात्र

१७ नोव्हेंबर १९७४, सोलापूर

डोकं फिरलंय. साप्ताहिकातली चित्रकथा आम्ही मित्र दर रविवारी पात्रं वाटून घेऊन मोठ्यानं वाचतो. तिच्यात मोडकंतोडकं मराठी बोलणारा बावळट तेलुगू विणकर आहे. तो कायम आमच्यातल्या नरसय्याकडे, कारण हा खरा विणकर, खरा तेलुगू!

आज नरसय्या म्हणाला, "आज तुमी वाचा की. मी हसतो."

दत्तू उखडला. "गंमत हाय रे. लई मनाला लावून घेतोस!"

मग दत्तूनंच वाचलं, हेल काढून. सगळे नरसय्याकडे बघत बसले. मी हसतो म्हणाला होता. हसला नाही.

वर्षानुवर्षं तोच विनोद, चित्रकाराला दुसरं सुचत नाही? आता पुढच्या रविवारी नरसय्याचं पात्र कोण वाचणार?

नरसय्याचं! अजून मीसुद्धा तेच लिहितोय.