पाद्रीबाबांचं गाऱ्हाणं

ती. आप्पा,

इथूनच वाकून नमस्कार. बोट अमेरिकेत दुरुस्तीला लागली आहे. मी मजेत आहे. जेवणही चांगलं मिळतं, कारण ते मीच शिजवतो.

इथे वॉल्टर नावाचे म्हातारे काळे पाद्रीबाबा आम्हा खलाशांना गाडीतून बाजारात नेतात. परवा बंदराच्या गेटवरच्या गोऱ्या पहारेकऱ्याने आम्हाला सोडलं आणि रोज येणाऱ्या त्या म्हाताऱ्याला तासभर उन्हात हात वर करून उभं केलं. माझे कान तिखट. ते प्रार्थना पुटपुटत होते, तीही त्या पहारेकऱ्यासाठी.

रविवारी त्यांच्या चर्चमध्ये गेलो, रागावू नका. तुम्ही देवळात गाऱ्हाणं घालता तसेच ते देवाशी मोठ्याने बोलतात आणि लोक दर वाक्याला "आमेन" म्हणतात. "आमच्या पोरांना रंगावरून कुणी अडवू नये," ते म्हणाले, आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा." सगळे वळले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितलं, हे आमच्या गावचं आमेन. पुढच्या वाक्याला अख्खं चर्च वाकड्यातिकड्या उच्चारात म्हणालं, "व्हय म्हाराजा."

पहारेकऱ्याविरुद्धच्या त्यांच्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून मी सही केली. कप्तान म्हणाला, "मग पुढचं काँट्रॅक्ट विसर." आईला हे सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत? पालीच्या डॉक्टरांकडे नेलंत का?

शिमग्याच्या गाऱ्हाण्यात आधी वॉल्टरबाबांचं नाव घ्या, मग त्या पहारेकऱ्याचं, कारण त्यांची तशी इच्छा आहे. माझी नोकरी राहू दे, हे अगदी शेवटी घाला. तेवढ्याला गावाला जरा मोठ्याने म्हणायला सांगा.

तुमचा,
दत्ताराम