मॉनिटरला घातलेला हार

अप्पा, मायचा उजवा डोळाही आता चाललाय. डावा गेल्या वर्षीच गेला, साखरेमुळे. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिना, फार तर दोन. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर माय रिक्षात बसेना. पायरीवरच उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या अप्पाचं तोंड एकदा दाव मला. डोळा हाय तवर." मी म्हणाले, दावते. दुसरं काय म्हणणार होते? घरात तुमचा एकही फोटो नाही. तो का नाही, हे तुम्हाला आणि मला सोडून घरात कुणाला ठाऊक नाही. मायला इतकी वर्षं मी सांगत आले की कॉम्प्युटर बिघडला आणि त्यात गेला.

तुम्ही जन्मात एकदाच फोटोला उभे राहिलात. मी औरादच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते आणि तुम्ही बाजाराच्या दिवशी संतपूरहून जीपनं यायचात. चपला बाहेर काढायचा नियम सगळ्यांनाच होता, पण तुम्ही घोंगडीसुद्धा घडी करून चपलांवर ठेवायचात. क्लासच्या सरांनी नवा डिजिटल कॅमेरा आणला होता. त्यांनी तुम्हाला दारातच, घोंगडी खांद्यावर असतानाच उभं केलं, आणि सरांना नाही कसं म्हणायचं म्हणून तुम्ही उभे राहिलात. मी तो फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर वॉलपेपर म्हणून मागे लावायला घेतला. माउसचं उजवं बटण, प्रॉपर्टीज, डेस्कटॉप, ब्राउझ. पहिल्यांदा 'टाइल' पडलं आणि पडदाभर पटकेच पटके झाले. तुम्ही बोट लावून मोजायला लागलात. "ह्यातला मी कंचा?" मग 'सेंटर' केलं, तर तुम्ही मधे एवढेसे आणि भोवती सगळं निळं. शेवटी 'स्ट्रेच' केलं. पडदा भरला, पण चेहरा आडवा ताणला गेला.

"एवढं रुंद तोंड कामून केलंस माझं?"

"पडदा भरायला, अप्पा."

"मग राहू दे. पोट भरल्यावानी दिसायलोय."

कपाळावर 'माय कॉम्प्युटर'चं चिन्ह येऊन बसलं होतं. ते आणि बाकीची सगळी चिन्हं मी ओढून तुमच्या खांद्यावर, घोंगडीवर नेऊन ठेवली. त्यानंतर दर बाजाराला तुम्ही यायचात. खुर्ची दिली तरी बसायचा नाहीत. उभ्या उभ्या स्वतःकडे बघायचात आणि जायचात. मला किती बरं वाटायचं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग खंडेनवमी आली. आपल्या घरी खुरपी, विळे आणि लोकर कातरायची कात्री पुजायची पद्धत, क्लासमध्ये कॉम्प्युटर. खरं तर त्या दिवशी अवजाराला विसावा द्यायचा, पण सर म्हणाले, पडदे काळे बरे दिसत नाहीत, मशीन चालूच ठेवा. तुम्ही बांधावरचा झेंडू पिशवीभर घेऊन आलात. मीच तो ओवला. की-बोर्डला हळदकुंकू लावलं, हार मॉनिटरच्या दोन्ही कोपऱ्यांवरून सोडला आणि नीट बसलाय का ते बघायला दोन पावलं मागे आले. हारात तुमचा चेहरा. रुंद, हसरा. भिंतीवर गेलेल्या माणसांचे असतात, अगदी तसा. मागच्या बाकावरच्या मुलींची कुजबुज थांबली. हसलात फक्त तुम्ही. "जित्या माणसाला हार घातलास की गं!" आणि मग पुढे वाकून बघत म्हणालात, "राहू दे, काढू नको. कसा दिसतो ते कळलं तरी."

मी हार ओढला तसा तो तुटला. फोटोची तेवढी एकच प्रत होती, ती पुसली, तीही शिफ्ट दाबून. तसं केलं की कॉम्प्युटरच्या केराच्या टोपलीतही काही राहत नाही, हे मी मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. पडद्यावर कॉम्प्युटरची मूळची हिरवी टेकडी आणली. तुम्ही म्हणत होतात, "थांब की गं, जरा बघू दे." आणि मी ओरडले, सगळ्यांसमोर. "तुमाला काय कळतंय का? जावा आता, जीप जाईल." तुम्ही घोंगडी झटकलीत, खांद्यावर टाकलीत आणि गेलात. दिवाळीच्या आत, सोयाबीनच्या खळ्यावर, छातीत कळ आली म्हणून पोत्यांवर आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी हार घातला म्हणून तुम्ही गेलात. असं काही नसतं हे मलाही कळतं, शिकलेली आहे मी. तरी मला तसंच वाटतं, अप्पा, रोज वाटतं.

आता मी बिदरला एका फोटो स्टुडिओत काम करते. लोक चुरगळलेले फोटो आणतात, मी ते साफ करून मोठे करते. दुसऱ्यांचे किती बाप मी उजळून दिले असतील. तुमचं मतदान कार्डही मोठं करून पाहिलं. वर पटका दिसतो, खाली काळा डाग. मध्यंतरी कुणीतरी म्हणालं, पडद्यावर लावलेल्या फोटोची कॉम्प्युटर आपणहून एक प्रत ठेवतो, मूळ फोटो पुसला तरी ती राहते. मी दुसऱ्याच दिवशी औरादला गेले. क्लासच्या जागी कपड्याचं दुकान होतं. कॉम्प्युटर भंगारात हैदराबादला गेले, एवढंच कळलं. एस.टी. स्टँडवर बसून मी तोंडात पदर कोंबून रडले.

आणि परवा मायला स्टुडिओत आणलं. निंबर्ग्याच्या एका माणसानं त्याच्या वडिलांचा फोटो मोठा करायला दिला होता. तसाच पटका, तशीच मिशी. मी तो पडद्यावर मागे लावला आणि 'स्ट्रेच' केला. माय काचेला नाक लागेपर्यंत वाकली. हात फिरवला.

"एवढं रुंद न्हवतं त्येंचं तोंड."

"ताणलाय, माय. पडदा भरायला."

"हसायलेत का?"

"व्हय."

मग म्हणाली, "आन हार कामून न्हाई? घाल की त्येंला."

मी बाहेर गेले, झेंडूचा हार आणला आणि मॉनिटरवर सोडला. मायनं हात जोडले. तिचा चेहरा इतका निवला होता की मला त्या वेळी कशाचीच भीती वाटली नाही. ती वाटली संध्याकाळी, कुलूप लावताना. त्या माणसाच्या पावतीवर फक्त फोटोची साइज लिहिली आहे. त्याचे वडील आहेत की गेले, हे मी त्याला विचारलेलंच नाही. उद्या तो फोटो न्यायला येईल. अप्पा, उद्याही माझ्याच्यानं विचारवणार नाही.