लाल वायर, हिरवी वायर

ती. आईस नमस्कार,

मी धडधाकट आहे, पोटभर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

कंपनीने मला वायरिंगवरून काढून गोदामात बसवलंय. पगार तोच आहे, घोर लावून घेऊ नकोस. सगळ्या वायरमनचे डोळे तपासले, तेव्हा कळलं की मला लाल आणि हिरव्यातला फरक दिसतच नाही. टेस्टर लावल्याशिवाय मी कुठल्याच वायरला हात लावत नव्हतो, म्हणून आजवर वाचलो. सगळे भित्रा म्हणून हसायचे.

डॉक्टर म्हणाले, हे आजोळाकडून येतं. तू स्वतःला बोल लावू नकोस. पण आठवतं, मी लाल समजून हिरवे टोमॅटो आणायचो आणि तू हसून म्हणायचीस, "अगदी मामावर गेलायस!"

मामाही वायरमनच. अर्थिंगची हिरवी वायर समजून त्याने चालू लाल वायर धरली आणि गेला. आपण म्हणालो, पिऊन शिडीवर चढला असणार. मामी शपथेवर सांगत होती, त्याने थेंबही घेतला नव्हता. तेव्हापासून तू तिच्याशी बोलणंच टाकलंस.

आई, मामी खरं बोलत होती. मला तिला हे लिहवत नाही. गुडघे दुखत असले तरी तू एकदा तिच्याकडे जाऊन ये.

तुझा,
मामावर गेलेला धाकटा