ऊन पाण्याचा तांब्या

२ डिसेंबर

आलो एकदाचे! पोखर्णीच्या पुढे अर्धा तास एसटीनं. बायको, प्रियांका, माझ्या खांद्यावर चक्क घोरत होती, सांगितलं तर मानणार नाही. काम गमतीचं आहे: गावच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, बुडून वाढणाऱ्या पाणवनस्पती किती अंशाला किती वाढतात, ते वर्षभर मोजायचं. गार पाण्यात त्या सुस्तावतात, उबेत फोफावतात. हे आकड्यांत बसवलं की माझी पीएच.डी. पक्की. खोली बारवेला लागूनच, नळालाही तिचंच पाणी.

५ डिसेंबर

पाणी १९ अंश. देठाच्या टोकाला दोरा बांधला होता, तीन दिवसांत त्याच्यावर जेमतेम पेरभर वाढ. पण इथे थंडीत घरटी एक तांब्या ऊन पाणी रोज बारवेत ओततात. माझ्या नोंदींचं वाटोळं! शेजारच्या केशरबाईंना कारण विचारलं. म्हणाल्या, "तिला ऊब लागती, सायेब. आपून न्हाई दिली तर ती आपली आपून घेती." मला हसू आवरेना. सरपंच व्यंकटरावांना गाठून तांबे बंद करवले आणि बारवेच्या दाराला कुलूप लावलं.

९ डिसेंबर

पाणी १६ अंश. वाढ थांबायला हवी होती. दोऱ्याच्या वर हातभर नवा देठ! तीनदा मोजला. शिवाय सगळे शेंडे केशरबाईंच्या घराकडे वळलेत, उन्हाकडे नाही. त्या काल तांब्या घेऊन दाराशी आल्या होत्या, मी गोड बोलून परत पाठवलं.

१० डिसेंबर

केशरबाई गेल्या. भर दुपारी, उन्हात बसल्या बसल्या. सकाळपासून गोधडीवर गोधडी मागत होत्या, असं सून सांगत होती. पाणी १८ झालंय. शेंडे आता आमच्या खोलीकडे.

१२ डिसेंबर

प्रियांकाचे पाय गार. अंगाचं तापमान ३५. नळाखालच्या बादलीत हिरवा देठ सापडला. कुलूप तोडलं, गावाच्या हातापाया पडलो. तांबे ओतले, हंडे ओतले. बारवेतला आकडा हलला नाही. व्यंकटराव खाली मान घालून म्हणाले, तिला आता माणसाची चव लागली, पाण्याची ऊब चालायची न्हाई.

१३ डिसेंबर

३३. जीप करून परभणीला निघालो. गाव मागे पडेल तशी प्रियांका गारठत गेली, पोखर्णीच्या अलीकडेच शुद्ध हरपली. जीप वळवली. वेशीत शिरताच डोळे उघडले. तिला इथून नेता येत नाही. हे माझ्यामुळे झालं. माझ्या नोंदींसाठी.

१४ डिसेंबर

३१. म्हणते, तुझा हात भाजतो.

पाणी २१. तिची ऊब जाईल तसतसं —

१५ डिसेंबर, सकाळ

शेवटच्या पायरीवर बसलोय. उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात. माझी ऊब घे म्हणालो, तिला सोड. देठांनी लगेच विळखा — डाव्या हातानं लिहितोय. बोटं जाणवत नाहीत.

पाणी २५.

वरून प्रियांकाचा आवाज. चालतेय! म्हणतेय, केवढं उकडतंय, तू कुठायस — सुटली. देवा, सुटली ती.

पायऱ्या उतरतेय.

शेंडे वळले. सगळे तिच्याकडे — ओरडतोय, घशातून आवाजच — नको, प्रियांका — तिला दिसलो — मला वर ओढायला हात पुढे क—